मावशीची गोळी तुझी नव्हे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी मावशीने तिच्या हार्मोनच्या गोळ्यांचं पाकीट पाठवलंय असं काल फोनवर बोलता बोलता म्हणालीस. ते उघडू नकोस. मावशीचा जीव आहे तुझ्यावर, पण तिची गर्भाची पिशवी काढलेली आहे, तुझी नाही. तिला नुसतं इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणारं हार्मोन, चालतं. तू ते एकटं घेतलंस तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहील आणि तिथे कॅन्सरचा धोका. म्हणूनच पिशवी असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉन हे अस्तर आवरणारं दुसरं हार्मोन देतात.

दिवाळीत रात्री दोन वाजता तू ओसरीवर पदराने वारा घेत बसलेलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "बाईच्या जातीला हे असतंच." असतं खरं. इस्ट्रोजेन कमी झालं की शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग बिथरतो, थंडीतही त्याला उकाडा वाटतो. पण या अंगातून येणाऱ्या गरम वाफा कित्येकींना सात-सात वर्षं पुरतात. तुझी पाळी जाऊन दोनच झालीत. उरलेली सगळी वर्षं ओसरीवर काढणार आहेस का?

बाबा, "हार्मोन म्हणजे कॅन्सर" हे तुमचं वाक्य हवेतून आलेलं नाही. 2002 मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा दोन्ही हार्मोन एकत्र देण्याचा भाग मुदतीआधी थांबवला. गोळ्या घेणाऱ्या दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण 8 केसेस जास्त निघाल्या होत्या. मात्र त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. आई 52 ची आहे. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता डॉक्टर मानतात. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात झालेल्यांची गोष्ट वेगळी. गोळीऐवजी त्वचेला लावायचं जेलही मिळतं, त्यात गुठळीची भीती गोळीपेक्षा कमी असते.

आता खरं बोलायचं ते. आई, मागच्या महिन्यात "जरासा डाग दिसला" म्हणालीस आणि लगेच भाजीच्या भावावर गेलीस. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी ते तपासून घ्यायचंच असतं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण ते कळल्याशिवाय कुठलंही हार्मोन सुरू करायचं नाही. जेल नाही, गोळी नाही, मावशीची तर नाहीच.

बाबा, या आठवड्यातच डॉक्टरीणबाईंची वेळ घ्या. मागच्या खेपेला तुम्ही बाहेर बाकावर पेपर वाचत बसला होतात. या वेळी आत जा. डागाचं आई सांगणार नाही, तुम्ही सांगा. तिची बीपीची गोळी सोबत न्या, मॅमोग्राफीचंही विचारा.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. मावशीला मीच फोन करते, रागावली तर माझ्यावर रागावू दे.

तुमची,
ताई