कॅशलेस आहे ना? आधी फोन करून विचारा

सर्व सभासदांस नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या एका काकूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशीच, सकाळी उपाशीपोटी काउंटरवर उभं असताना कळलं की "तुमच्या कंपनीचं कॅशलेस सध्या बंद आहे". (कॅशलेस म्हणजे रुग्णालयाचं बिल विमा कंपनीने परस्पर भरण्याची सोय.) कार्ड चालू, हप्ता भरलेला. पण दरांवरून रुग्णालय आणि विमा कंपनीचं बिनसलेलं. मुलाने धावपळ करून पैसे भरले.

हे आता वरचेवर होतं. ऑगस्ट २०२५मध्ये रुग्णालयांच्या एका संघटनेने १ सप्टेंबरपासून बजाज अलियान्झ या विमा कंपनीचं कॅशलेस थांबवायला सांगितलं होतं. पुढे ते मागे घेतलं गेलं, पण मधले दिवस घोर लागलाच.

तेव्हा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर वेबसाइटवरच्या कॅशलेस रुग्णालयांच्या जुन्या यादीवर विसंबू नका. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कला (विम्याचे क्लेम बघणारं काउंटर) आणि कंपनीला, दोघांनाही त्याच आठवड्यात विचारा. कॅशलेस बंद म्हणजे पॉलिसी बंद नव्हे! बिल भरून नंतर क्लेम करता येतो. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी (मुंबई व पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही).

अर्ज लिहायला मदत हवी असल्यास शनिवारी संध्याकाळी कार्यालयात या, पॉलिसीची झेरॉक्स आणा.

– सचिव