तारखेने सात, सोनोग्राफीत साडेपाच

दादर, मुंबई

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो पाहिला. तारखेने सात आठवडे, सोनोग्राफीत ५ आठवडे ३ दिवस. गर्भाशयात सॅक म्हणजे गर्भाची पिशवी आहे, तिच्यात योक सॅक म्हणजे बाळाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी आहे, पण बाळ आणि ठोके दिसत नाहीत. लगेच ‘वाढ थांबली’ असं धरून बसलीस! आधी हिशेब बघ.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि पाळी २८ दिवसांनी येते असं त्यात धरलेलं असतं. तुझी येते ४० दिवसांनी. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे तुझं चौदाव्या नव्हे, सव्विसाव्या दिवसाच्या आसपास. हे १२ दिवस सात आठवड्यांतून वजा कर. ५ आठवडे २ दिवस उरतात. मशीन वेगळं काही सांगत नाहीये. साडेपाचच्या सुमाराला योक सॅकच दिसते; ठोके आतून केलेल्या सोनोग्राफीतही सहाच्या आगेमागे दिसू लागतात. शिवाय योक सॅक गर्भाशयात आहे, तेव्हा गर्भ गर्भनलिकेत अडकल्याची भीती गेली.

गर्भ धरल्यापासून मोजलं तर बाळ जेमतेम साडेतीन आठवड्यांचं, लांबी दोन-तीन मिलिमीटर. हृदय अजून नुसती नळी आहे, पण ती याच दिवसांत आकुंचन पावू लागते. पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी कडांनी वर वळून मिटत असते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. जॅकेटच्या चेनसारखी ती एका टोकाकडून लागत नाही. आधी मानेपाशी जुळते, मग तिथून वर आणि खाली. डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटतं, कमरेखालचं अठ्ठाविसाव्याच्या. वरचं उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत. खालचं राहिलं तर मणका उघडा राहतो, पायांची ताकद आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

म्हणून ही पट्टी नीट मिटायला मदत करणारं फोलिक अॅसिड या आठवड्यात एक दिवसही चुकवू नकोस. रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. केमिस्टकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. ती मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळात हा दोष असेल तर देतात. चिठ्ठीवर कुठली लिहिली आहे ते नीट वाच. पालकाच्या भाजीवर भागत नाही. शिजवताना फोलेट बरंचसं पाण्यात उतरतं आणि उष्णतेने घटतं.

पावसाळा आहे. १०२ च्या वर ताप या दिवसांत बाळाला चांगला नाही. पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नकोस, आणि मलेरिया-डेंगीची तपासणी त्याच दिवशी कर. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, गाडीवरची चटणी बंद. हिपॅटायटिस ईची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. मासे खा, पण मोरी नको आणि मोठी सुरमई क्वचितच, कारण मोठ्या माशांत पारा साठतो. बोंबील, बांगडे, पेडवे खुशाल खा.

लोकलच्या धक्क्याने गर्भ पडत नाही. बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांआड असतं. उपाशीपोटी चक्कर येऊन दारातून पडण्याची भीती मात्र खरी, तेव्हा दारात उभी राहू नकोस आणि पर्समध्ये चणे-कुरमुरे ठेव.

पुढची सोनोग्राफी ११ दिवसांच्या आत करू नकोस. बाळ रोज सुमारे १ मिलिमीटर वाढतं, चार दिवसांत गेलीस तर पुन्हा असाच अर्धवट रिपोर्ट आणि पुन्हा तोच घोर. योक सॅक दिसल्यावर ११ दिवसांनीही ठोके असलेलं बाळ दिसलं नाही, किंवा बाळ ७ मिलिमीटरचं होऊनही ठोके नसले, तर डॉक्टर वाढ थांबली म्हणतात. तसं निघालंच, तर कारण बहुतेक वेळा गुणसूत्रांतला दोष असतो. पपई, लोकल, ऑफिसची बॅग यांना कोणी बोल लावला तर ऐकून घेऊ नकोस.

तासाला एक पॅड भिजू लागलं, घेरी आली, तर फोन करत न बसता थेट हॉस्पिटल गाठ. तू ओ निगेटिव्ह आहेस, हे तिथे आधी सांग. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असेल तर तुझ्या शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन असतं; ते द्यायचं का, ते ७२ तासांच्या आत ठरावं लागतं. समीररावांचा रक्तगट कुठला? तेही निगेटिव्ह असतील तर त्या इंजेक्शनची गरजच नाही. विचारून कळव.

तुझी
आई