अण्णा, भिंतीतल्या त्या पाइपबद्दल आभार

ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

नाव आणि नंबर कुणाला देऊ नका म्हणून तुम्ही बजावलंय. ‘गणपतीआधी आणखी एक काम आलं तर माझाच फ्यूज उडंल वैनी,’ असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून इथं नुसतं अण्णाच. पण कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी जो येतो तो वरच्या खोलीत डोकावतो आणि विचारतो, हे होम थिएटर कुणी जोडून दिलं? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा आभार मानता मानता एकदाच सगळं लिहून टाकते.

आमच्या घरात दोन पक्ष. सासूबाईंना जुन्या मराठी सिनेमातलं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू यायला हवं आणि पोरांना फुटबॉल भिंतभर दिसायला हवा. या पेठेत फुटबॉलला नाही म्हणायची सोय नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळं प्रोजेक्टर, एव्ही रिसीव्हर (सगळ्यांचं चित्र-आवाज घेऊन प्रोजेक्टर-स्पीकरांना वाटणारं यंत्र) आणि पाच स्पीकर अधिक एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, एवढं ठरलं होतं. दुकानात आम्हाला सोन्याचा मुलामा दिलेली, जाड जाळीची एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर, दाखवली होती. किंमत ऐकून ह्यांनी बाहेर येऊन आधी चहा घेतला.

तुम्ही ती केबल नको म्हणालात, आणि का नको तेही नीट सांगितलंत. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या काळात वायर हलकी असली की चित्र खरंच फिकं पडायचं, कडांना सावली यायची, म्हणून ‘महाग वायर, चांगलं चित्र’ हे लोकांच्या डोक्यात बसलं. एचडीएमआयमधून आकडे जातात. ‘पैशाचं पाकीट भारी घेतलं म्हणून आतली रक्कम वाढत नाही,’ हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं. केबल कमी पडली तर रंग फिके होत नाहीत. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्रच जातं. सोन्याचा मुलामा पिनेला गंज धरू देत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला तेवढा अर्थ आहे. पण तो बऱ्याच साध्या केबलींवरही असतो.

बघायचं ते केबलवर छापलेल्या वर्गाकडे. फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमनं हवं असेल तर सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी, म्हणजे ‘प्रीमियम हाय स्पीड’ पुरते. ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागते ती फोर-के १२० फ्रेमनं किंवा एट-के चालवणाऱ्यांना. दुकानात सर्रास ‘टू पॉइंट वनची केबल’ म्हणतात, पण तो एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा, आणि तो यंत्राचा. केबलची ओळख तिच्या वर्गावरून, आणि प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. रिसीव्हरजवळच्या हातभर केबली तुम्ही साध्याच लावल्यात.

खरी अडचण प्रोजेक्टरची होती. तो मागच्या भिंतीकडं छताला, रिसीव्हर पुढच्या कपाटात. भिंतीतून फिरून अंतर बारा मीटरच्या आसपास गेलं. एवढ्या लांबीला तांब्याची एचडीएमआय दगा देऊ शकते, म्हणून तिथं मात्र तुम्ही पैसे सोडायला लावलेत आणि आत काचतंतू असलेली केबल मागवलीत. तिला दिशा असते, हे आम्हाला कुठं ठाऊक? एका टोकाला ‘सोर्स’, दुसऱ्याला ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी घातली तर काहीच दिसत नाही. तुम्ही ती आधी जमिनीवर पसरून अख्खा सामना चालू ठेवलात आणि मगच पाइपात घातलीत. पाइपही नेहमीचा पाऊण इंची नाही, दीड इंची घेतलात आणि कोपऱ्यांवर काटकोनी एल्बो न वापरता लांब बेंड घातलेत, कारण एचडीएमआयचं डोकं अरुंद वळणात अडकतं. शिवाय आत एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवलीत. उद्या केबल बदलायची झाली तर भिंत फोडायची नाही. गवंडीमामा त्या पाइपाला हसले होते. त्यांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

स्पीकरच्या वायरीत तर फसवणूक उघड्यावर चालते. बंडलावर ठसठशीत ‘कॉपर’ लिहिलेलं, आणि तुम्ही ब्लेडनं एक तार खरवडली तर आत पांढरं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त. आठ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरवर दीड चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची वायर नेली तर जाऊन-येऊन पाव ओहमाच्या आत भागतं, एवढं पुरे. मागच्या दोन स्पीकरांना तुम्ही अडीचची टाकलीत. ते थोडं जास्तच झालं असं माझं मत आहे, पण अण्णांपुढं बोलणार कोण!

पेन्सिल सेल मात्र विसरणार नाही. सेलचा प्लस वायरीच्या प्लसच्या पदराला, मायनस दुसऱ्याला, क्षणभर टेकवायचं. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. एक स्पीकर उलटा जोडला गेला की आवाज येतो पण खर्ज पातळ होतो आणि बोलणं कुठून येतंय ते कळत नाही. सासूबाईंसाठी तुम्ही मधला स्पीकर कानाच्या उंचीला आणलात आणि रिसीव्हरमध्ये त्याचाच आवाज थोडा चढवलात, कारण संवाद बहुतेक त्यातूनच येतात. आता त्या सबटायटल मागत नाहीत. उलट पोरांना गप्प बसा म्हणतात.

सबवूफरच्या घूंऽऽ आवाजाचं काय? कुणीतरी सल्ला दिला होता की प्लगची तिसरी पिन काढून टाका. तुम्ही त्या माणसावर चिडलात, आणि बरोबरच केलंत. अर्थिंग तोडून आवाज घालवायचा म्हणजे जिवाशी खेळ. तुम्ही सेट-टॉप बॉक्सला मागून येणारी गोल केबल उपसली, तर घूं बंद! रस्त्यावरून आलेल्या त्या केबलची आणि घराची अर्थिंग निराळी, म्हणून गुणगुण. केबलमध्ये एक आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन दोन अर्थिंगांची गाठ तोडणारा जोड, आणि सगळ्या यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज, एवढ्यात काम झालं.

खालच्या खोलीतल्या टीव्हीचंही तुम्ही जाता जाता करून गेलात. साउंडबार ऑप्टिकल वायरीवरून काढून ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआयला, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडं परत पाठवणाऱ्या भोकाला, जोडलात. आता एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो.

त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते मी पाकिटात घालून ठेवलेत. दसऱ्यानंतर धाकट्या दिरांच्या गच्चीवरच्या खोलीचं काम आहे, भिंती अजून उघड्या आहेत. पाइप दीड इंचीच आणलाय, बेंडसकट. गवंडीमामांनीच आणलाय.

आपली,
मंगळवार पेठेतली वैनी