एकच मोदक, तोही सुताचा

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि. आधी जे सांगायचं आहे ते सांगून टाकते, म्हणजे बाबा शेवटचं पान आधी वाचणार नाहीत. यंदा गणपतीला उकडीचे मोदक घरी करायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या काकूंना 21 मोदकांचं मी सांगून ठेवलं आहे, पैसेही दिले आहेत. आई, तुला न विचारता केलं हे खरं. विचारलं असतं तर तू "बघू" म्हणाली असतीस, आणि तुझ्या "बघू"चा अर्थ आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. गरम उकड मळताना सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी येतो, आणि नेमकं तिथंच तुझं दुखणं आहे. तुझ्या कळ्या काकूंच्या कळ्यांपेक्षा सरस आहेत, यावर वाद नाही. त्या कळ्या वाया जाऊ नयेत म्हणूनच सोबतचं पार्सल.

त्यात पांढरं 8 प्लायचं सुती सूत 100 ग्रॅम, हिरव्याची लहान लड, केशरी भरतकामाचा दोरा आणि रबरी मुठीच्या दोन क्रोशाच्या सुया आहेत, 3.5 आणि 4 मिमी. तुला चिऊसाठी मोदकाची टोपी करायची आहे. आता म्हणशील, उकड नको आणि क्रोशा चालतो? चालतो, कारण मूठ जाड आहे, चिमटीत दाबून धरावी लागत नाही, आणि तू एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर विणणार नाहीस. तोरणाची ती 1.25 ची पोलादी सुई मात्र आता कपाटातच राहू दे. पांढरं सूत मुद्दाम घेतलं, टाके दिसतात. खिडकीशी बस, ट्यूबलाइटखाली नको.

चिऊचं डोकं भुवयांच्या वरून मोजलं, 46 सेमी भरलं. टोपी 43 ची हवी, कारण सुती सूत लोकरीसारखं आखडत नाही, उलट वापरून सैलावतं. बरोबर 46 ची केलीस तर दुसऱ्या दिवशी नाकावर येईल. ॲक्रिलिक ताणलं जातं, पण भाद्रपदातल्या त्या दमट हवेत पोरीचं डोकं घामेजेल, म्हणून ते घेतलं नाही. आधी 4 च्या सुईनं लहान चौकोन विणून बघ. 10 सेमीत 16 खांब, म्हणजे उंच टाके, बसले पाहिजेत. 18 बसले तर तुझा हात घट्ट आहे (असणारच), मग 4.5 ची सुई पाठवते. तिथल्या तिथं ओढून सैल करत बसू नकोस.

उकडीचा मोदक खालून वर मिटत जातो, हा शेंड्यापासून खाली उमलतो. शेंडा 3.5 च्या सुईनं, म्हणजे कडक उभा राहील. सरकत्या फासात 6 मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घाल. फासाचं शेपूट चांगलं 15 सेमी ठेव आणि शेवटी तेच दोनदा गोल फिरवून आत ओव, आखूड कापलं की धुतल्यावर शेंड्याला भोक पडतं. मग 6 च्या 6 मुक्यांच्या दोन फेऱ्या. चौथ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले 12. पाचवी 12 चीच. आतापर्यंत बोटाच्या टोपणासारखं काहीतरी दिसेल. बिघडलं वाटून उसवू नकोस, तसंच दिसतं.

आता 4 ची सुई आणि खांब. इथून प्रत्येक फेरी 2 साखळ्यांनी सुरू करायची, त्या मोजायच्या नाहीत. सहाव्या फेरीत प्रत्येक टाक्यात 2 खांब, म्हणजे 24. सातवीपासून कळ्या, म्हणजे एकावर एक उठावाचे खांब (ते कसे घालायचे ते खाली लिहिलंय). एक उठावाचा खांब, पुढच्या टाक्यात 2 साधे, असं बारा वेळा, 36. आठवीत कळीवर कळी, मग 1 साधा, मग एकात 2, झाले 48. नववी न वाढवता, 48 च. ही फेरी गाळलीस तर खांदा ताटलीसारखा सपाट होईल, मोदकाचा उतार यायचा नाही. दहावीत 60, अकरावीत 72, वाढ दर वेळी पुढच्या कळीच्या अलीकडच्या टाक्यात. आता दोन कळ्यांमध्ये 5 साधे खांब आले की वाढ बंद, तशाच 8 फेऱ्या खाली उतरायच्या.

सगळी गंमत उठावाच्या खांबात आहे आणि सगळी चूकही तिथंच होते. सुई टाक्याच्या डोक्यात घालायची नाही. खालच्या खांबाच्या कमरेला पुढून मागे, मागून पुढे असा वेढा घालून दोरा ओढायचा, जरा सैल आणि उंच, नाहीतर कळी आखडते आणि टोपी वर चढते. आणि कळी झाली की तिच्या मागे लपलेलं डोकं सोडून द्यायचं. ते डोकं रिकामं दिसतं म्हणून त्यात खांब घातला की दर कळीमागे एक टाका वाढतो, 72 चे 84 होतात, आणि टोपीला फ्रॉकसारख्या झालरी येतात. उलट वाढ राहून गेली तर वाटीसारखी आत वळते. फेरी जोडायची ती कळीच्या पाठीशी, म्हणजे शिवण झाकली जाते.

बाबा, मोजणी तुमच्याकडे. आईला विणताना मोजायला लावू नका. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं 24, 36, 48, 48, 60, 72 लिहून ठेवा आणि फेरी संपली की खूण करा. आकडा बारानं भागला गेला पाहिजे, एवढंच बघायचं. फेरीच्या पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन लावा, आणि टोपी पुरी झाल्यावर ती काढली की नाही ते तुम्हीच तपासायचं. पार्सलमधलं हिरवं सूत लडीतलं आहे, मी घाईत तसंच कोंबलं. पूर्वीसारखं दोन्ही हातांवर धरा, आईला गुंडाळू दे. मांडीवर मीही बसले असते, पण आता मावणार नाही.

शेवटच्या दोन फेऱ्या हिरव्या मुक्या खांबांच्या, ते केळीचं पान. रंग बदलताना पांढरा शेवटचा खांब पुरा करायचा नाही. सुईवर दोन वेढे उरले की हिरवा ओढून घे, नाहीतर सीमेवर पांढरा ठिपका डोकावतो. शेंडा सोडून उंची 17 ते 18 सेमी भरायला हवी. केशराच्या काड्या म्हणून केशरी दोऱ्याचे तीन-चार लांब टाके शेंड्याशी घाल, गाठ आतून. मणी नाही, बटण नाही, घुंगरू तर नाहीच. चिऊ सगळं तोंडात घालते. हनुवटीखाली बांधायला नाड्याही नकोत आई, तुला टोपी उडेल असं वाटेल, पण गळ्याशी दोरी नको. आणि झोपली की टोपी काढायची, ते मी बघेन.

आणि बाजारातून व्हिडिओवाल्या मुलीचा नमुना कुणी आणून दिला तर आधी तो कुठला ते बघ. अमेरिकन नमुन्यातला 'सिंगल' म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश नमुन्यात त्याच मुक्याला 'डबल' म्हणतात, तर अमेरिकन 'डबल' हा आपला साधा खांब. मिसळ झाली की टोपीची एकतर टिकली होते नाहीतर पिशवी. (मला मात्र तू कुणाचाही नमुना न बघता करावी असं वाटतं.)

धुवायची गार पाण्यात, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. मग साखरेचा तो छोटा गोल डबा पालथा घालून त्यावर चढव आणि पंख्याखाली ठेव. इस्त्री फिरवलीस तर कळ्या चपट्या होतात, मग तो मोदक नाही, पापडी.

आई, रागावू नकोस गं. मोदकाला तुझा हात लागणार नाही याचं मलाही वाईट वाटतंय. सारण हवं तर तू कर, नारळ बाबा खवतील, गूळ चिरायचा नाही, चिरलेलाच आणा. तेवढं काकूंकडे पोचवलं तर चव तुझीच राहील, मी त्यांच्याशी बोलून घेतलं आहे. मोदकपात्र माळ्यावरून काढू नका. बाबा, मखरही काढू नका, आम्ही दोन दिवस आधी येतोय, स्टुलावर मी चढेन. गोळी सकाळची सकाळीच.

पार्सल पोचलं की फोन करा, आणि चौकोनात किती खांब बसले तेही सांगा, म्हणजे सुई लगेच पाठवता येईल.

तुमची
मनू

ता. क. साखरेचा डबा आधी रिकामा करून, पुसून कोरडा करा. मागच्या वेळी मुंग्यांनी टोपी शोधली होती.