त्यांना पेशंटजवळ जायला शिकव

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, नर्सिंगच्या थर्ड इयरच्या मुलींना कॅन्सरचं रेडिएशन शिकवायचंय आणि त्या आत्ताच तिथलं पोस्टिंग बदलून मागतायत. रागावू नकोस. 'तिथे काम केलं की मूल होत नाही' असं घरूनच त्यांच्या कानावर घातलेलं असतं.

व्याख्या मागाहून दे. आधी सांग की मशीनवर शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेला पेशंट रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही. तो नातवाला मांडीवर घेऊ शकतो. मी नवी असताना घशाला शेक चालू असलेले एक आजोबा वॉर्डात होते. मावशी त्यांचं ताट दाराशी जमिनीवर ठेवून पळायची. तोंडभर फोड, गिळवत नाही, आणि ते वाकून ताट उचलायचे. 'माझा रोग लागतो का हो सिस्टर?' असं त्यांनी मला विचारलं होतं. कुठल्याही पेशंटवर ही वेळ येऊ नये, म्हणून तुझा तास मला महत्त्वाचा वाटतो.

आयोडीन वॉर्डाचं मात्र वेगळं. तिथे पेशंटने आयोडीन-१३१ हे रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध पोटात घेतलेलं असतं. ते निम्मं व्हायला ८ दिवस लागतात, आणि लाळ, घाम, लघवीतूनही ते बाहेर पडतं. तिथे ट्रेमधली तयारी बाहेरच करायची, आत जाऊन काम उरकायचं, बाकीचं बोलणं दारातून. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, हे मुलींना टेप धरून प्रत्यक्ष दाखव. लेड एप्रन कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या तपासणीच्या एक्स-रेपुढे, कामाचा, आयोडीनच्या गॅमा किरणांपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. आणि एप्रनची घडी घालू देऊ नकोस, आतलं शिसं चिरतं.

टीएलडी बॅज एप्रनच्या आत, छातीवर. तो रक्षण करत नाही, आपल्याला मिळालेला किरणांचा डोस फक्त मोजतो. आपल्यासाठी त्या डोसची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. दिवस राहिले तर इन्चार्जना लगेच सांगायचं. त्यानंतर गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची. ही गोष्ट लपवायची नसते, हे ठासून सांग.

आणि त्वचेच्या काळजीला एक अख्खा तास दे, पुस्तकात ते दोन ओळींत उरकतात. शेक दिलेली जागा काळवंडते, खाजते, सोलते. नातेवाईक मायेने हळद, तेल लावतात, शेकासाठी अंगावर काढलेल्या खुणा घासून काढतात. सैल सुती कपडा, कोमट पाणी, ऊन नको, हे सांगणं सोपं. पण परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर राहणारा पेशंट सावली कुठून आणणार? त्याला डोक्यावरून घ्यायला सुती पंचा, तोंड आलं असेल तर मीठ-सोड्याच्या गुळण्या, त्याला जमेल तेच मुलींनी सुचवायला हवं.

पोस्टिंग बदलून मागणाऱ्यांना पहिल्या दिवशी स्वतःबरोबर ड्रेसिंगला घेऊन बस. मग विचार त्यांना.

बाबा विचारतायत, शनिवारी येतेस ना? नोट्स घेऊन ये, एकत्र बघू.

तुझी,
आई