वासरांचे खाद्य आणि दूध तोडण्याचा सल्ला यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पशुखाद्य कंपनी

विषय : वासरांच्या खाद्याचा निकृष्ट दर्जा आणि सोबतच्या पुस्तिकेत वासरू तोडण्याविषयी (म्हणजे त्याचे आईचे दूध बंद करण्याविषयी) दिलेली चुकीची माहिती.

महोदय,

मी लातूर जिल्ह्यातील उदगीर तालुक्याचा शेतकरी असून आमच्या दावणीला पूर्वापार देवणी या देशी जातीची गुरे आहेत. डेअरीला दूध घालणे आणि गोऱ्हे वाढवून हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकणे यावर कोरडवाहू शेतीच्या जोडीने आमचे घर चालते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी वासरांसाठीच्या 'काफ स्टार्टर' खाद्याची ५० किलोची चार पोती रोखीने घेतली. सोबत विक्रेत्याने आपल्या कंपनीची वासरू संगोपनाची पुस्तिका दिली आणि खाद्याचा गुण पाहायचा असेल तर पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच सगळे करा, असे बजावून सांगितले. माझी तक्रार दोन्हींबद्दल आहे, पण पुस्तिकेबद्दल अधिक आहे.

खाद्याचे आधी सांगतो. पहिली दोन पोती ठीक होती. तिसरे उघडताच कुबट वास आला. तळाला खाद्याचे मुठीएवढे गोळे झाले होते आणि फोडल्यावर आत राखाडी बुरशी दिसत होती. वासराने घमेल्याला नाक लावले, फुर्रकन श्वास सोडला आणि ते मागे सरले. मका आणि पेंड यांवर बुरशी आली की त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, हे पशुखाद्य तयार करणाऱ्या कंपनीला मी सांगायला नको. या पोत्यावर प्रथिनांचा आकडा ठळक अक्षरांत छापला आहे. परंतु ती प्रथिने कशातून येतात, त्यात युरिया आहे की नाही, याचा उल्लेख नाही. मोठ्या जनावराच्या कोठीपोटातील, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या मोठ्या पोटातील, जिवाणू युरियाचा उपयोग करून घेतात. सहा महिन्यांच्या आतील वासराचे कोठीपोट त्या कामाला तयार नसते, म्हणून त्याला युरियाचे खाद्य देऊ नये असे पशुवैद्यक सांगतात. हा प्रश्न मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारला, त्याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

आता पुस्तिकेकडे वळतो. तिच्या मुखपृष्ठावर हिरव्यागार कुरणात काळ्या, बिनशिंगी अँगस गायी वासरांसह उभ्या आहेत, आणि आतल्या पानावर मात्र ठळक चौकटीत लिहिले आहे, 'सर्व जातींसाठी : ४५व्या दिवशी वासरू तोडा, दूध वाचवा.' चित्र एका पद्धतीचे आणि सल्ला दुसऱ्या पद्धतीचा, असा हा प्रकार आहे. परदेशात मांसासाठी पाळलेल्या कळपांत गायीचे दूध माणूस काढत नाही. वासरू साधारण सहा ते आठ महिने आईबरोबर कुरणात राहते, पिते आणि चरते. तेथे वरखाद्य द्यायचे तर कुंपणाला फक्त वासरू शिरेल एवढी फट ठेवून आत घमेले मांडतात. दुष्काळात चारा संपला की तेथील पशुपालक वासरे लवकर तोडतात, कारण पाजणे थांबले की गायीची खंगलेली तब्येत सुधारते आणि ती लवकर माजावर येते. लवकर तोडण्याचा हा फायदा पुस्तिकेत दिला आहे आणि त्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळातली गाय समजावून सांगण्याची गरज नाही.

सहा ते आठ आठवड्यांत दूध बंद करण्याची रीत मुख्यतः दुधाळ विदेशी व संकरित जनावरांच्या गोठ्यांतली आहे, जेथे वासरू जन्मल्याबरोबर वेगळे करून बादलीने पाजतात आणि गाय वासराविना धार देते. तेथेसुद्धा केवळ दिवस मोजून दूध बंद करत नाहीत. वासरू सलग तीन दिवस रोज साधारण एक किलो खाद्य खात असेल तरच दूध बंद करावे, हा मोठ्या जातींसाठीचा सर्वसाधारण दंडक आहे. लहान चणीच्या वासराचे प्रमाण त्याच्या वजनावर धरावे लागते. याचे कारण वासराच्या पोटात आहे. जन्मलेल्या वासराचे चौथे पोट तेवढे काम करत असते आणि प्यालेले दूध अन्ननलिकेच्या पन्हाळीतून थेट तिकडे जाते. कोठीपोट वाढते ते वासरू भरडा खाऊ लागल्यावर, तो आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे. भरडा खाण्याची सवय लागण्याआधीच दूध तोडले, तर वासरू दोन्हीकडून उपाशी राहते.

आणि पाणी? पुस्तिकेच्या सगळ्या पानांत वासरासाठी वेगळे पाणी ठेवण्याविषयी एक ओळ नाही. दूध चौथ्या पोटात जाते, कोठीपोटाला पाणी मिळते ते वासरू वेगळे पाणी पिते तेव्हाच, आणि त्या ओलाव्याशिवाय तेथील जिवाणू वाढत नाहीत. टँकरवर गाव जगत असताना नेमकी हीच गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी होती. चिकाविषयीही असेच झाले आहे. गायीच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये पोटात असताना वासराला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि वासराची आतडी ती पहिल्या चोवीस तासांपर्यंतच, तीही दर तासाला कमी होत, शोषून घेतात. पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजणे आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पोटात जाणे या इतक्या मोलाच्या बाबीला पुस्तिकेत दीड ओळ आहे, आणि आपल्या खाद्याच्या जाहिरातीला चार पाने.

पुस्तिकेप्रमाणे ४५व्या दिवशी आमची दोन वासरे एकदम वेगळी बांधली. दोन्ही गायी रात्रभर हंबरत राहिल्या. देवणी गाय वासराने ढुसण्या दिल्याशिवाय पान्हावत नाही. वासरू समोरून नेताच दोघींनी दूध चोरायला, म्हणजे कासेतच अडवून धरायला, सुरुवात केली आणि पुढे त्या जवळजवळ आटल्याच. म्हणजे वाचणार होते ते दूध वासरालाही नाही आणि डेअरीलाही नाही. वासरांना हगवण लागली, केस राठ झाले, बरगड्या मोजता येऊ लागल्या. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून वासरे पुन्हा आईखाली सोडण्यास सांगितले, पण तोवर कासेत प्यायला उरले नव्हते आणि शेजाऱ्याचे दूध विकत घेऊन बाटलीने पाजावे लागले. मांसाच्या कळपांत वासरू तोडताना एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना गाय आणि वासरू ठेवतात, जेणेकरून त्यांना एकमेकांना हुंगता येते पण पिता येत नाही. किंवा नाकात पट्टी अडकवून पिणे आधी थांबवतात आणि ताटातूट नंतर करतात. आपल्याकडच्या काटेरी मुसक्याचेच तत्त्व. ज्या गुरांचे चित्र आपण छापता, त्यांचीच ही रीत पुस्तिकेत द्यायला काय हरकत होती?

वासरू तोडण्याच्या दिवशीच जंतनाशक, लसीकरण आणि शिंगे जाळणे उरकून घ्या, असाही सल्ला पुस्तिकेत आहे. ताटातुटीचा ताण असलेल्या वासरावर आणखी ताण एकाच दिवशी टाकू नये, हा साधा नियम आहे. शिंगांचे आम्ही अर्थातच केले नाही, कारण बिनशिंगी देवणी गोऱ्हा बाजारात नेल्यास गिऱ्हाईक दात पाहण्याआधी हसेल.

मी दूरध्वनीवर हे कळवले तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी 'वासरे देशी असल्यामुळे असे झाले असेल' असे उत्तर दिले. तसे असेल तर 'सर्व जातींसाठी' ही अक्षरे पुस्तिकेवर कशी आली, याचा लेखी खुलासा करावा. तसेच बुरशीच्या पोत्याची किंमत, औषधोपचाराचा आणि विकत घेतलेल्या दुधाचा खर्च मला मिळावा. संबंधित बॅचच्या प्रयोगशाळा तपासणीचा अहवाल, युरिया व अफ्लाटॉक्सिनच्या आकड्यांसह, पाठवावा. आणि सदर पुस्तिका विक्रेत्यांकडून परत घेऊन तीत दिवसांऐवजी खाद्याच्या प्रमाणावर आधारलेला सल्ला छापावा. मी न उघडलेले चौथे पोते आणि तिसऱ्यातील नमुना जपून ठेवला आहे; आपल्या माणसाने येऊन पंचांसमक्ष तो घ्यावा.

३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार लातूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दाद मागेन. तक्रारदार राहतो तेथेच तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे, आणि स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी खरेदीत मोजली जात नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

कळावे.

आपला,
एक पशुपालक ग्राहक
तालुका उदगीर, जिल्हा लातूर

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, पोत्यावरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र, पशुवैद्यकीय दवाखान्याचा केसपेपर, पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती.