मलाकालच्या आणि माझ्या गावच्या अनाम माणसांचे आभार

अमळनेर तालुक्यातून सैन्यात गेलो, तेव्हा युद्ध म्हणजे शौर्य आणि पदके एवढीच माझी समजूत होती. दक्षिण सुदानमध्ये, पांढऱ्या नाईलकाठच्या मलाकाल येथे, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत नेमणूक झाल्यावर ती टिकली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये पेटलेल्या यादवीमुळे हजारो नागरिक तेथील तळावर आश्रयाला आले होते, आणि त्यांतील कोणीही ते युद्ध मागितलेले नव्हते.

डिंका, नुएर आणि शिलुक अशा परस्परांत लढवल्या गेलेल्या समाजांतील जखमींचे म्हणणे सारख्याच आस्थेने आमच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारा दुभाषी, आणि मदत म्हणून मिळालेल्या मोजक्या ज्वारीची किसरा, म्हणजे तिकडची पातळ भाकरी, आग्रहाने माझ्यापुढे ठेवणारी, आमच्याकडच्या दादर ज्वारीच्या भाकरीची आठवण करून देणारी ती वृद्ध माता, यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत? गणवेशाचा अभिमान मला आजही आहे. मात्र युद्धाचे गुणगान आता माझ्याकडून होत नाही, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी त्याचे कारण सविस्तर सांगतो.

माझ्या गैरहजेरीत आमच्या शेतातील कापूस वेचून देणाऱ्या, वडिलांना उपचारासाठी जळगावला नेणाऱ्या, आणि परतल्यावर माझे बोलणे न थांबवता ऐकून घेणाऱ्या ग्रामस्थांचाही मी मनापासून ऋणी आहे.